मुंबईच्या गिरण्यांतील रविवार : विसांव्याच्या इतिहासाचीं कांहीं साधनें

मोहिमा, तहनामे, इनामें व वतनें यांचे कागद जमविण्यांत आपल्या संशोधकांनीं हयाती घालविल्या. परंतु सामान्य माणूस हातांत काम नसे तेव्हां काय करी, हा प्रश्न इतिहासाचा म्हणून फारसा विचारला गेला नाहीं. विसांवाही मिळवावा लागतो, आणि जें मिळवावें लागतें त्यास इतिहास असतो. मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुटी कशी मिळाली व तिचा त्यांनीं काय उपयोग केला, एवढाच भाग येथें विचारास घेतों.

(१) वार व तिथि. — आपल्याकडे वारांचें महत्त्व नवें नाहीं. पुण्याच्या पेठांस वारांचीं नांवें आहेत, गांवोगांवचा बाजार ठराविक वारीं भरतो, आणि रविवार हा खंडोबाचा वार म्हणून पाळला जातो. तथापि बाजार, उपास व देवदर्शन यांचा वार निराळा आणि काम बंद ठेवण्याचा दिवस निराळा. काम बंद राही तें मुख्यतः तिथीनें. अमावास्येस औत धरीत नसत, पोळ्यास बैलांच्या मानेवर जूं येत नसे. बाकी सण व जत्रा. दर सातव्या दिवशीं काम अजिबात बंद ठेवणारे लोक कोंकणांत होते, ते बेने इस्रायल. कुलाबा जिल्ह्यांत ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं घाणा जुंपीत नसत. त्यावरून त्यांस 'शनवार तेली' हें नांव पडलें. शेजाऱ्यांस ही रीत इतकी विशेष वाटली कीं, तीच त्यांची ओळख झाली. साप्ताहिक सुटी इतरांत रूढ नव्हती, याची साक्ष हें एक नांवच देतें.

इंग्रजी अमलांत कचेऱ्या व शाळा यांस रविवार मोकळा मिळूं लागला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं झाला. त्या दिवशीं वार पाहिला असतां रविवार येतो, आणि दिवसही दिवाळीचे होते. जुनें पंचांग व नवा आठवडा यांचा मेळ असा एकाच दिवशीं पडलेला दिसतो.

(२) मागणी. — कचेरीचा हा रविवार गिरणीच्या दारांत मात्र शिरला नव्हता. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिलेली मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ त चालू झाली. पुढें गिरण्या वाढल्या. काम दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले. १८८१ च्या कायद्यानें मुलांस महिन्यांतून चार सुट्या दिल्या. प्रौढांच्या विसांव्याविषयीं तो कायदा मुका होता. हें मौन कामगारांनींच मोडलें. 'दीनबंधु' पत्राचे संपादक व सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सप्टेंबर १८८४ मध्यें कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यांत दर रविवारीं पुरी सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, वेळेवर पगार व दुखापतीबद्दल भरपाई अशीं कलमें होतीं. यांत पहिलें कलम सुटीचें आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

२४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियांनींही भाषणें केलीं. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें साप्ताहिक सुटी मान्य केली. हा दिवस 'पहिला सुटीचा रविवार' म्हणून कोठें कोठें लिहिला जातो, तो प्रमाद होय. शके १८१२, ज्येष्ठ वद्य पक्षांतील त्या दिवशीं मंगळवार होता. ही तारीख ठरावाची, सुटीची नव्हे. त्यापुढील पहिला रविवार १५ जूनला येतो. पुढें १८९१ च्या कायद्यानें या सुटीस सरकारी आधार दिला. म्हणजे कायदा मागून आला, मागणी आधीं होती.

(३) सुटीचें खरें स्वरूप. — तथापि ठराव झाला म्हणजे दिवस हातीं आला, असें नाहीं. सुटीच्या दिवशींही यंत्रें पुसण्यास कांहीं तास बोलावण्याची वहिवाट पुष्कळ काळ राहिली. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्यास्ताची मर्यादा संपून इतर दिवसांचें काम लांबलें. पुरुषांच्या कामास बारा तासांची हद्द १९११ च्या कायद्यानें पडली, व आठवड्यास साठ तासांची १९२२ त. स्त्रियांचा रविवार तर धुणें, दळण व स्वयंपाक यांतच सरे. आणि खानावळ चालविणाऱ्या बाईस तो इतर वारांहून अधिक कामाचा. एकाची सुटी दुसरीच्या श्रमांवर उभी होती, हें नमूद न केल्यास चित्र अपुरें राहील.

(४) विनियोग. — उरलेल्या वेळांत काय होई ? कामगारांचा मोठा भरणा रत्नागिरी, सातारा व पुणें या जिल्ह्यांतला. रविवारीं गांवकरी मंडळाच्या खोलींत बैठक भरे, वर्गणी जमे, गांवच्या देवळाचा व भांडणाचा विचार होई. लिहितां येणारा इसम इतरांचीं पत्रें लिही. एका पैशाचें कार्ड १८७९ त निघालें होतें व मनीऑर्डर १८८० त. या दोहोंनीं गिरणीचा पगार व घरची खुशाली यांची सांगड घातली. कोणी आखाड्यांत जाई, कोणी भजनांत, कोणी शक्तितुऱ्याच्या सामन्यास. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या तमाशास याच वर्गाचा मोठा आश्रय होता. पुढें चित्रपट आला. फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'चा पहिला जाहीर खेळ गिरगांवांत ३ मे १९१३ रोजीं झाला. तो दिवस शनिवार होता.

(५) साधनें. — पेशवाईंतील लावण्यांचें जीर्ण बाड सांपडलें तर आपण तें रुमालांत बांधून ठेवितों. परंतु गिरणगांवांतील भजनी मंडळाची वही, शाहिराच्या हातचें कवनांचें बाड, गांवकीचा जमाखर्च, खानावळीचा हिशेब, मोडींत लिहिलेलें खुशालीचें कार्ड व तमाशाची हस्तपत्रिका हीं रद्दींत जातात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या व चाळी पाडल्या जाऊं लागल्या. माळ्यावरचीं गांठोडीं त्यांबरोबरच गेलीं. कायद्याचीं कलमें व चौकशीमंडळांचे अहवाल सरकारी दप्तरांत सुरक्षित आहेत. त्यांवरून सुटी कशी मिळाली तें कळतें. ती कशी भोगली तें या फाटक्या वह्याच सांगतील.

यास्तव संग्राहकांस विनंति आहे कीं, अशी वही हातीं आल्यास काळ अलीकडचा म्हणून ती टाकूं नये. तारीख असल्यास तिचा वार काढून पाहावा. रविवार निघाला, तर तो कागद साडेपांच हजार सह्यांच्या त्या अर्जाची पुरवणी समजावा.