१९५८ : एक रक्तपेशी, दोन नोंदी

१/ १९५८ साली तांबड्या रक्तपेशीविषयी दोन नोंदी प्रसिद्ध झाल्या. 'लॅन्सेट'मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांची नोंद केली. नागपूर तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात होते. दुसरी नोंद बुडापेस्टच्या ग्यॉर्गी गार्डोश यांची. दोन्हींचा संबंध उमगायला बराच काळ जावा लागला.

२/ तांबड्या पेशीत पोटॅशियम मुबलक असते, बाहेरच्या रक्तद्रवात सोडियम. पेशीच्या पटलातील पंप ऊर्जा खर्चून दर खेपेस तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. याउलट, पाणी उताराकडे वाहावे तसे आयन ऊर्जेविना अधिक संहतीकडून कमी संहतीकडे सरकतात. हेच निष्क्रिय वहन. निरोगी पेशीत ही गळती अत्यंत मंद असते.

३/ गार्डोश यांना दिसले की, ऊर्जा संपलेल्या पेशीत कॅल्शियम शिरले की पोटॅशियम वेगाने बाहेर पडते. कॅल्शियममुळे जणू एक दार उघडते. त्या मार्गाला आज 'गार्डोश वाहिनी' म्हणतात.

४/ आता विदर्भाकडे वळू. सिकलसेलमध्ये प्राणवायू सुटताच सदोष हिमोग्लोबिनचे धागे बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि पटलातून कॅल्शियम आत शिरते. दार उघडते, पोटॅशियम निसटते, त्यामागोमाग पाणीही जाते. आक्रसलेल्या पेशीत हिमोग्लोबिन दाट होते आणि धागे अधिक झपाट्याने बनतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी जेमतेम १० ते २० दिवस.

५/ हे दार बंद ठेवणारे 'सेनिकापॉक' नावाचे औषध पुढे तयार झाले. पेशींचा नाश घटला, परंतु वेदनेचे झटके कमी झाले नाहीत. अखेरची मोठी चाचणी मध्येच थांबली. एक दार लावले म्हणजे आजार आवरला, असे झाले नाही.

६/ गोंड, माडिया, भिल्ल, पावरा अशा अनेक समाजांत हा आजार आजही आहे. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत त्याच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. रुग्णाला 'भरपूर पाणी प्या' असे सांगितले जाते. त्या साध्या सल्ल्यामागे पेशीतून निसटणाऱ्या पाण्याची ही कथा आहे.