चिंग टँग : स्वयंप्रकाशी पडद्यामागचे रसायनशास्त्रज्ञ

चिंग वान टँग (जन्म २३ जुलै १९४७) हे ओएलईडी, म्हणजेच सेंद्रिय प्रकाशोत्सर्जक डायोडचे जनक मानले जातात. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या टँग यांनी १९७० मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी आणि १९७५ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी ते रॉचेस्टर येथील ईस्टमन कोडॅकच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. योगायोग असा की, कोडॅकमध्येच स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा सिद्ध केला, तोही १९७५ मध्येच.

सेंद्रिय पदार्थातून विद्युत्प्रवाह गेल्यास प्रकाश मिळतो, हे १९६० च्या दशकापासून ज्ञात होते. परंतु अँथ्रासिनच्या जाड स्फटिकांना त्यासाठी शेकडो व्होल्टचा दाब लागे. टँग प्रथम सेंद्रिय सौरघटांवर काम करत होते. दोन भिन्न पदार्थांचे पातळ थर एकमेकांवर दिल्यास प्रकाशाचे विजेत रूपांतर अधिक कार्यक्षमतेने होते, हे त्यांच्या ध्यानी आले. हेच द्विस्तरीय तत्त्व त्यांनी उलट कार्यासाठी, म्हणजे विजेपासून प्रकाश मिळवण्यासाठी योजले. एक थर धन विद्युत्भार वाहून आणतो, दुसरा इलेक्ट्रॉन. दोहोंच्या सीमेलगत त्यांचा संयोग होऊन प्रकाश बाहेर पडतो. सहकारी स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्यासह १९८७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातील डायोड १० व्होल्टहून कमी दाबावर हिरवा प्रकाश देत होता.

पुढचा प्रश्न रंगांचा होता. प्रकाश देणाऱ्या थरात रंजकद्रव्याचा अल्प अंश मिसळल्यास रंग बदलतो आणि कार्यक्षमताही वाढते, हे त्यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखवले. रंगाची निवड अशा रीतीने रेणूंच्या रचनेवर आली. पाठीमागून प्रकाश पुरवणाऱ्या दिव्याची गरज नसल्याने असा पडदा अत्यंत पातळ होतो आणि त्यातील काळा रंग खरोखर काळा दिसतो. निळ्या प्रकाशाच्या पदार्थांचे अल्पायुष्य मात्र आजही संशोधकांपुढील आव्हान आहे.

२००३ मध्ये कोडॅकच्या ईझीशेअर एलएस६३३ या डिजिटल कॅमेऱ्यावर रंगीत ओएलईडी पडदा झळकला. तथापि कंपनीने हा व्यवसाय २००९ मध्ये कोरियातील एलजी समूहाला विकला आणि २०१२ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. शोध रॉचेस्टरचा, पण त्याचे मोठे उद्योग उभे राहिले ते पूर्व आशियात.

टँग २००६ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले व पुढे हाँगकाँगमध्येही त्यांनी अध्यापन-संशोधन केले. इस्रायलचा वुल्फ पुरस्कार (२०११) आणि जपानचा क्योटो पुरस्कार (२०१९) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान होत.