तापीकाठची पुरे आणि दूरची युद्धे



बऱ्हाणपूर म्हटले की आपल्याला अशीरगड आठवतो आणि मुमताजमहल आठवते. तिचे पहिले दफन १६३१ साली पलतीरावरच्या जैनाबादेत झाले. पाहुणे ती जागा पाहून परततात; मला मात्र जैनाबाद या नावापाशी थोडे थांबावयाचे आहे. नसीरखान फारुकीने तापीच्या दोन तीरांवर दोन वसाहती केल्या आणि त्यांना बुऱ्हाणुद्दीन गरीब व जैनुद्दीन शिराझी या सूफी संतांची नावे दिली, अशी परंपरा आहे. त्यांपैकी बुऱ्हाणुद्दीन हे दिल्लीत राहणारे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची वस्ती देवगिरीस हलविली, त्या ओघात ते दक्षिणेत आले. दुसऱ्याच्या राजकारणाने उखडलेल्या माणसाचे नाव असे तापीकाठी रुजले.

पुढे आलेली माणसेही त्याच जातकुळीची. सोळाव्या शतकात अर्घुनांच्या आणि हुमायूनच्या स्वाऱ्यांनी सिंध प्रांत होरपळला, तेव्हा पाट गावचे एक विद्वान घराणे गुजरातमार्गे वऱ्हाडात एलिचपुरास आले. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने वऱ्हाडही जिंकला. त्या घराण्यातील शेख इसा जुंदुल्ला एलिचपुरास जन्मले आणि बऱ्हाणपुरास निवर्तले. सिंधीपुरा या मोहल्ल्याच्या नावात सिंधी निर्वासितांची आठवण टिकून आहे.

आता जे सांगतो ते आपणा मराठी माणसांना कदाचित रुचणार नाही. १६ जानेवारी १६८१ रोजी संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पंधरवड्यातच मराठी फौज बऱ्हाणपूरच्या बहादूरपुऱ्यावर कोसळली. तीन दिवस पुरे लुटले जात होते. घोडदळाच्या वेगाचा हा विलक्षण पराक्रम होता, यात शंका नाही. मीही वर्गात तो अभिमानाने शिकविला आहे. परंतु लूट गेली ती दुकानदारांच्या आणि सराफांच्या घरची, मग तो हिंदू असो वा मुसलमान. बादशहाशी आपले वैर होते. पुऱ्यातल्या माणसाशी नव्हते.

तेव्हा खानजहान बहादूर सुभेदार होता आणि तो शहरात नव्हता. जिझिया वसूल करणारा काकरखान तेथे होता, शिबंदी मात्र तुटपुंजी. जिझिया पुन्हा बसून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. रक्षणाचा मोबदला म्हणून हिंदू प्रजा तो कर भरत होती, आणि मुसलमान प्रजा शुक्रवारच्या खुतब्यात बादशहाचे नाव घेत होती. प्रसंग आला तेव्हा रक्षण दोघांच्याही वाट्याला आले नाही.

खाफीखान सांगतो की लुटीनंतर शहरातील उलेमा व प्रतिष्ठितांनी औरंगजेबास लिहून कळविले: आमचे जीवित व मालमत्ता सुरक्षित नाही, यापुढे आम्ही जुम्याची नमाज बंद करू. या वाक्याचे वजन आज चटकन ध्यानात येत नाही. जुम्याची नमाज थांबली की खुतबा थांबतो, आणि खुतब्यात नाव नाही तो बादशहा कसला? ज्याच्या धर्मनिष्ठेचा एवढा बोलबाला, त्यालाच त्याच्या धर्माच्या प्रजेने केलेला हा सवाल होता. मला तो लुटीच्या हकिकतीहून अधिक मोलाचा वाटतो.

नोव्हेंबर १६८१ मध्ये औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात दाखल झाला. शहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास गेला होता, हेही त्याच्या येण्याचे मोठे कारण. शहराने संरक्षण मागितले होते. मिळाली ती दक्षिणेतील छावणी. पंचवीस वर्षांचे युद्ध तेथून पुढे सरकले. १७०७ साली तो मरण पावला आणि खुलदाबादला पुरला गेला, तोही जैनुद्दीनांच्याच दर्ग्याच्या आवारात!

उदगीरच्या लढाईनंतर, १७६० मध्ये, बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. खुतब्यावरून बादशहाला धमकावण्याची सोय आता उरली नव्हती. येथील मुसलमान आता खऱ्या अर्थाने अल्पसंख्य प्रजा झाले. पण बाहेरून माणसे येणे थांबले नाही. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले. त्यांतले काही मालेगावास थांबले, काही भिवंडीस, काही तापीकाठी. येताना त्यांनी हातमागाचे कसब आणले. आज त्या मोहल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो.