घरगुती मत्स्यालयातील प्रवाळ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रवाळ वनस्पतीसारखा दिसत असला तरी तो प्राणी होय. त्याच्या ऊतींत राहणारे एकपेशीय शैवाल प्रकाशात अन्न तयार करते व त्याचा मोठा वाटा यजमानास मिळतो. प्रकाश आणि पाण्याची शुद्धता यांकडे दुर्लक्ष झाल्याने समुद्रातून तोडून आणलेले प्रवाळ पूर्वी काचपेटीत क्वचितच तग धरीत.

जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत लेखाद्वारे मांडली. समुद्राचे पाणी, हवेचे बुडबुडे व सूक्ष्मजीवांसह उचललेले खडक एवढ्यावरच त्यांची भिस्त होती. समुद्र हाकेच्या अंतरावर असणाऱ्यालाच हे साधणार, हे उघड आहे. जर्मन भाषक प्रदेशात १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी पाण्यातील कॅल्शियम भरून काढण्यासाठी चुन्याची निवळी वापरण्याचा मार्ग रूढ केला. पुढे बर्लिनच्या हौशी पालकांनी त्यास जिवंत खडक, प्रखर दिवे आणि प्रथिने फेसावाटे काढणारे उपकरण यांची जोड दिली. त्यांपैकी डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टाकीत वाढलेल्या अ‍ॅक्रोपोराचे तुकडे इतर पालकांकडेही रुजले. एकाच वसाहतीतून अनेक टाक्या भरू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. तरीही प्रवाळभित्तींवरील तोड थांबली नाही, उलट यशाबरोबर मागणी वाढली.

१९९० पर्यंत सर्व पाषाणप्रवाळ साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आले. भारताने २००१ मध्ये भित्तिनिर्मिती करणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घातले. त्यामुळे मालवण वा लक्षद्वीपच्या समुद्रातून घरच्या टाकीसाठी प्रवाळ तोडणे हा गुन्हा ठरला.