हाफकिन आणि प्लेगची लस

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, मूळचे गोव्याचे असलेल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे, निदान केले, तेव्हा हाँगकाँगच्या साथीत येर्सिन व कितासातो यांनी या व्याधीचा जंतू शोधून काढल्याला दोनच वर्षे लोटली होती, आणि त्यावर खात्रीचा उपाय कोणापाशीच नव्हता. सरकारने घरांच्या झडत्या आणि सक्तीचे विलगीकरण यांचा अवलंब केला. त्या जुलमाची परिणती पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या वधात झाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु याच सुमारास मुंबईत एक परकी शास्त्रज्ञ अगदी निराळ्या मार्गाने चालला होता, त्याचे स्मरण आपण पुरेसे ठेवलेले नाही.

वॉल्देमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू, मेच्निकोव्हचा शिष्य. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याने पटकीवरील लस सिद्ध केली, १८९२ साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि पुढल्याच वर्षी तो हिंदुस्थानात येऊन कलकत्त्याच्या वस्त्यांतून टोचणीचे कार्य करू लागला. मुंबईस पाचारण होताच ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्याने नवा उद्योग आरंभिला. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले म्हणजे त्या थेंबांच्या खालच्या अंगास प्लेगचे जंतू झुंबराच्या लोलकांसारखे लोंबत वाढतात. पात्र हलविले की ते तळाशी बसतात आणि वर नवी वाढ सुरू होते. असे भरघोस पीक आले की उष्णतेने जंतू मारून, किंचित कार्बोलिक आम्ल घालून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी, पुढे रूढ झालेल्या मात्रेच्या कितीतरी पट लस त्याने आपल्याच अंगात घेतली आणि ज्वर सोसला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता, राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांस त्याने लस दिली व त्याच छपराखालच्या, लस न घेतलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना मांडली. अन्न तेच, हवा तीच, कोठडीही तीच. भेद केवळ लशीचा. रोगप्रतिबंधाच्या शास्त्रास अशा प्रामाणिक मोजदादीची केवढी आवश्यकता होती!

१८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात त्याची प्रयोगशाळा आली आणि तेथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. १९०२ मध्ये मात्र पंजाबातील मुलकोवाल येथे एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीत दोष प्रयोगशाळेवर ढकलण्यात आला व हाफकिनला पदावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉससारख्या विद्वानांनी १९०७ साली ‘टाइम्स’मध्ये त्याची बाजू जाहीरपणे मांडली, तेव्हा कुठे सरकार दरबारी त्याची निर्दोषता मान्य झाली. परंतु परळची संचालकाची गादी त्याला पुन्हा लाभली नाही.

१९२५ साली त्या संस्थेस त्याचे नाव देण्यात आले, ते उचितच झाले. तथापि, स्वतःच्या शोधास उघड तुलनेची कसोटी लावल्यावाचून ज्याने लोकांपुढे हात पसरला नाही, त्याच्यावरील आरोपाचा निवाडा करताना सरकारने पुराव्याची तीच शिस्त पाळली असती, तर या देशाच्या आरोग्यसेवेस त्याच्या उमेदीची आणखी काही वर्षे लाभली असती.