आपसी बदली

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये शाळेच्या सतरा वर्षांखालील कबड्डी संघाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. पण क्रीडाशिक्षक रजेवर होते आणि तालुका स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. बारा नावं द्यायची होती, सात मैदानात आणि पाच राखीव. अकरा नावांवर कुणाचा वाद नव्हता. भांडण लागलं ते बाराव्यावर.

एक मुलगा अंगानं भरलेला, उजव्या कोपऱ्यात भिंतीसारखा उभा राहणारा. दुसरा किडकिडीत, पण चढाईला गेला की रिकाम्या हातानं परत येत नसे. मला दुसरा हवा होता. कर्णधार म्हणाला, "सर, त्याला कशाला घेता? दसरा झाला की तो आईबापाबरोबर कारखान्याला जाणार. तालुक्याला चालंल, पण विभागाला गेलो तर आपल्याकडं रेडर कुठंय?"

पाटोद्यात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या वाड्यावस्त्या रिकाम्या होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते मुकादम गोळा करतो, उचल देतो आणि ट्रक पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. वर्गातले बाकही रिकामे होतात.

त्याच रात्री पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याचा फोन आला. त्याला अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं, एनबीएचं वेड आहे. मी माझी अडचण सांगितली तर हसून म्हणाला, "मामू, तुमचा प्रश्न आणि सॅक्रामेंटो किंग्जचा प्रश्न एकच आहे. मोठा माणूस घ्यायचा की चपळ माणूस? आणि आजचा विचार करायचा की उद्याचा?" मग तासभर तो मला किंग्जनी कुणाला सोडायला नको होतं हे समजावत राहिला. त्या फोननंतर मी या संघाबद्दल वाचत गेलो. कबड्डीची यादी केव्हाच देऊन झाली, वाचन मात्र थांबलं नाही. कारण खेळाच्या मागे मला दुसरंच काही दिसू लागलं होतं.

सॅक्रामेंटो हे कॅलिफोर्निया राज्याच्या राजधानीचं शहर. तिथल्या किंग्ज संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. 2013 साली त्यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने हा संघ विकत घेतला, नाहीतर तो सिएटलला जाणार होता. 4 आणि 5 ऑक्टोबर 2019 ला रणदिवेंनी आपला संघ मुंबईत आणला. वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सराव सामने झाले. भारतात झालेले एनबीए संघांचे ते पहिलेच सामने. पहिला सामना शाळकरी मुलांनी भरलेल्या प्रेक्षागृहात झाला आणि जादा वेळेत पेसर्सनी तो 132-131 असा जिंकला. दुसराही त्यांनीच जिंकला.

वरळीपासून नागपाडा फार लांब नाही. 1927 साली अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथे नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केलं. मुस्लिम कामगारांच्या त्या दाट वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की गल्लीतली पोरं भारतीय संघापर्यंत पोहोचली. गुलाम अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. ते भारताचे कर्णधार झाले, 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्या समाजात किती जणांना हे नाव माहीत आहे? मलाही नव्हतं.

आता अदलाबदलीकडे येतो. एनबीएमध्ये संघ एकमेकांना खेळाडू देतात-घेतात. पैशाने विकत घेण्यापेक्षा माणसाच्या बदल्यात माणूस, असा व्यवहार जास्त. करार खेळाडूसकट दुसऱ्या संघाकडे जातो. आमच्या शिक्षकांच्या भाषेत याला आपसी बदली म्हणता येईल. फरक एवढाच की आमच्या आपसी बदलीत दोन्ही शिक्षकांनी स्वतः अर्ज केलेला असतो. तिथे बहुतेक वेळा अर्ज मालक करतात आणि खेळाडूला निकाल कळतो.

नवे खेळाडू घ्यायची तिथली पद्धत अशी की दरवर्षी संघांनी क्रमाने एकेक नाव उचलायचं. 2018 साली किंग्जचा क्रमांक दुसरा होता. त्यांनी मार्विन बॅगली हा उंच खेळाडू घेतला. लुका डॉन्चिच हा स्लोव्हेनियाचा मुलगा तेव्हा शिल्लक होता. तिसऱ्या क्रमांकावर तो गेला आणि पुढे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला. बॅगलीला किंग्जनी 2022 मध्ये सोडलं. दोन वर्षं आधी, 2020 मध्ये, बाराव्या क्रमांकावर त्यांना टायरीस हॅलिबर्टन हा हुशार पॉईंट गार्ड मिळाला होता. पॉईंट गार्ड म्हणजे चेंडू घेऊन येणारा, कुणाला कुठे द्यायचा हे ठरवणारा. पण संघात डीॲरन फॉक्स हाही त्याच जागेचा खेळाडू होता. एका म्यानात दोन तलवारी. आणि बास्केटखाली उभा राहील असा भक्कम माणूस संघाकडे नव्हता.

8 फेब्रुवारी 2022 ला किंग्जनी हॅलिबर्टन, बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्प्सन यांना पेसर्सकडे दिलं. बदल्यात डोमांटस साबोनिस, जस्टिन हॉलिडे आणि जेरेमी लॅम्ब आले. गंमत अशी की हील्ड आणि साबोनिस वरळीला एकमेकांविरुद्ध खेळून गेले होते. अडीच वर्षांत दोघांनी घरं बदलली. हॅलिबर्टनला सॅक्रामेंटोतच राहायचं होतं, आणि हे त्याने नंतर उघडपणे सांगितलं.

फायदा कुणाचा झाला? पुढच्याच हंगामात, 2022-23 मध्ये, किंग्जनी 82 पैकी 48 सामने जिंकले. साबोनिस संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक रिबाउंड घेणारा ठरला. सलग सोळा हंगाम हा संघ बाद फेरीत गेला नव्हता, एनबीएच्या इतिहासातला सर्वात लांब दुष्काळ. तो संपला. पहिल्या फेरीत सातव्या सामन्यात स्टीफन करीने 50 गुण केले आणि किंग्ज हरले, तरी शहर खूश होतं. मग पारडं फिरलं. 2025 मध्ये हॅलिबर्टनने पेसर्सना अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत किंग्जनी फॉक्सलाही सोडलं, म्हणजे ज्याच्यासाठी हॅलिबर्टन दिला तोही राहिला नाही. भाचा म्हणतो चूक झाली. मी म्हणतो, सोळा वर्षं तहानलेल्याला आधी पाणी लागतं. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

मला जास्त ओढ लागली ती याच संघाच्या जुन्या इतिहासाची. किंग्ज हा मूळचा रॉचेस्टर रॉयल्स. 1951 चं विजेतेपद त्यांचं, आणि तेच आजवरचं एकमेव. 1957 मध्ये संघ सिनसिनाटीला गेला, 1972 मध्ये कॅन्सस सिटीला आणि 1985 पासून सॅक्रामेंटोला. सिनसिनाटीत असताना त्यांच्याकडे ऑस्कर रॉबर्टसन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. 1961-62 च्या संपूर्ण हंगामात त्याने गुण, रिबाउंड आणि पास या तिन्हींची सरासरी दहाच्या वर ठेवली. 1970 मध्ये रॉयल्सनी त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं. बदल्यात दोन खेळाडू घेतले, ज्यांची नावं आज जाणकारांनाच आठवतात. मिलवॉकीत त्याला जोडीला मिळाला लू ॲल्सिंडर. 1971 मध्ये दोघांनी विजेतेपद जिंकलं आणि त्यानंतर ॲल्सिंडरने आपलं नाव जगाला सांगितलं, करीम अब्दुल-जब्बार.

1974 च्या ऑक्टोबरमध्ये करीमने संघाला सांगितलं की मला इथून बदली हवी आहे, न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस. मिलवॉकीच्या लोकांविषयी त्याची तक्रार नव्हती. पण त्या शहरात आपल्या संस्कृतीचं, आपल्या जगण्याचं वातावरण नाही, असं त्याचं म्हणणं होतं. परक्या गावी नोकरी केलेल्या कुठल्याही मुस्लिम शिक्षकाला हे लगेच कळेल. 1975 च्या जूनमध्ये तो लॉस एंजेलिसला गेला, मिलवॉकीला चार खेळाडू मिळाले. करीमने तिथे आणखी पाच विजेतेपदं घेतली. मिलवॉकीला पुढचं विजेतेपद थेट 2021 मध्ये मिळालं.

करीमला मागता आलं, कारण तो करीम होता. बाकीच्यांचं काय? त्या काळी करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा. दुसरीकडे जायचं तर संघाने सोडलं पाहिजे. रॉबर्टसन खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. 1970 मध्ये त्याच्या नावाने लीगवर खटला दाखल झाला. 1976 मध्ये समझोता झाला आणि करार संपलेल्या खेळाडूला आपला संघ निवडण्याची वाट मोकळी झाली. आजच्या खेळाडूंचे कोट्यवधींचे करार त्या खटल्यावर उभे आहेत. ज्याला एका संघाने देऊन टाकलं, त्याने सगळ्यांसाठी दार उघडलं.

तरीही करार चालू असताना बदली मालकाच्याच हातात राहिली. 1996 साली डेन्व्हरच्या महमूद अब्दुल-रऊफचं उदाहरण पाहा. मिसिसिपीच्या गरिबीत वाढलेला, टुरेट सिंड्रोमशी झगडणारा हा मुलगा 1991 मध्ये मुसलमान झाला. 1995-96 मध्ये तो संघात सर्वाधिक गुण करणारा होता, सरासरी 19.2. राष्ट्रगीताच्या वेळी तो उभा राहत नसे. त्या झेंड्यात त्याला जुलूमही दिसत होता. मार्चमध्ये लीगने त्याला निलंबित केलं. एका सामन्यानंतर तोडगा निघाला, त्याने उभं राहावं आणि हात उचलून दुआ मागावी. जूनमध्ये त्याची बदली झाली. कुठे? सॅक्रामेंटो किंग्जकडे. बदलीच्या कागदावर खरं कारण लिहिलेलं नसतं, हे सरकारी असो की खासगी, नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी फक्त तारखांचा क्रम सांगितला. तो दोन हंगाम तिथे खेळला आणि मग तुर्कस्तानात गेला.

याच्या उलट बाजूचंही एक उदाहरण आहे, नाहीतर चित्र अर्धं राहील. 14 फेब्रुवारी 1995 ला ह्यूस्टनने ओटिस थॉर्प हा आपला धिप्पाड खेळाडू देऊन क्लाइड ड्रेक्सलर हा चपळ गार्ड घेतला. टीका होणारच होती, आतली फळी उघडी पडली होती. सगळा भार हकीम ओलाजुवॉनवर आला, आणि तो महिना रमजानचा होता. हकीम रोजे ठेवून खेळला आणि त्या फेब्रुवारीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ड्रेक्सलर त्याचा कॉलेजपासूनचा जोडीदार होता. विभागात सहाव्या क्रमांकावर राहिलेला तो संघ जूनमध्ये विजेता झाला. कागदावर तोल बिघडला होता, मैदानावर दोन माणसांची ओळख कामाला आली.

कोट्यधीश खेळाडू आणि ऊसतोड मजूर यांना एका ओळीत बसवता येत नाही, हे मला कळतं. हॅलिबर्टनला वाईट वाटलं तरी त्याच्या मुलांची शाळा सुटणार नव्हती. पण माणूस इकडून तिकडे जातो तेव्हा त्याला कुणी विचारलं का, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. उचल फिटेपर्यंत मजूर मुकादमाचा असतो. 1976 पूर्वीचा खेळाडूही करार संपूनही संघाचाच असायचा. त्यांच्यातल्या एकाने आपलं नाव खटल्याला दिलं. आपल्याकडे हंगामी वसतिगृहं आली, काही मुलं त्यामुळे गावात राहिली. उचलीचं मात्र अजून तसंच आहे.

यादी द्यायच्या आदल्या दिवशी मी त्या किडकिडीत मुलाला बोलावलं. तोवर आम्ही सगळे त्याच्याबद्दलच बोलत होतो, त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं. मी विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

तो खाली बघत म्हणाला, "सर, आजीपाशी राहीन की मी. पण घरी तुम्ही बोला."

मी गेलो. वडील ऐकून घेत होते, आईने चहा केला. मुलगा दिवाळीपर्यंत आजीजवळ राहील, एवढं ठरलं. मी बारावं नाव त्याचं लिहिलं. तालुका आम्ही जिंकलो. जिल्ह्याला दुसऱ्या फेरीत हरलो, आणि उजवा कोपरा तिथेच फुटला. कर्णधार मला काही बोलला नाही, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दिवाळीनंतर तो मुलगा गेला नाही. आजीजवळच राहिला आणि मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला बसला. वडिलांनी त्या वर्षी उचल कमी घेतली होती, हे मला नंतर कळलं.