बॉल एक, कप वेगळा: बाळू पालवणकरांची गोष्ट

आजचा भाग तुम्ही बहुतेक लोकलमध्ये किंवा बसमध्ये ऐकत असाल, त्यामुळे फार नमन करत नाही. फक्त एक कबुली देतो. मी इतिहासाचा अभ्यासक वगैरे नाही, क्रिकेटवेडा आहे. चालू मॅचमध्ये सोफ्यावरची जागा कोणी बदलली तर मी भांडतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला आपण अहमदाबादची फायनल हरलो, त्या रात्री आमच्याकडे कोणी जेवलं नाही. आईला क्रिकेटमधलं काही कळत नाही. तिनं आमटी-भात झाकून ठेवला आणि एक शब्द न बोलता झोपायला गेली. कुणी गेलं की घरात जी शांतता असते, तशीच ती होती.

तर असा मी. खेळाडूंवर आपलं प्रेम असतं, असं मला कायम वाटत आलंय. त्या वाटण्याला जिनं धक्का दिला, ती आजची गोष्ट.

चर्चगेटला जाताना, चर्नी रोड सुटलं की उजव्या हाताला मैदानं लागतात. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना. पलीकडे मरीन ड्राइव्ह आणि समुद्र. कितीतरी वर्षं मी रोज तिथून गेलो. दाराशी जागा मिळाली तर दोन-तीन बॉल बघायला मिळायचे. बॉलर रनअपला निघायचा आणि बॉल सुटायच्या आत आमची गाडी पुढे! जिमखान्यांना धर्मांची नावं का, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. स्टेशनांना असतात तशी यांनाही नावं, बस.

नंतर एकदा रामचंद्र गुहांचं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' हे पुस्तक हातात आलं. पुस्तक २००२ चं, मी वाचलं बऱ्याच उशिरा, आणि तेही याच गाडीत. त्यात बाळू पालवणकर भेटले.

इथे जरा थांबतो, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी माझी पंचाईत झाली. क्रिकेटरला आपण मराठीत अरे-तुरे करतो. सचिन आला, रोहित गेला. ते प्रेमाचं एकेरी. त्याच ओघात मी 'बाळू आला, बाळूनं विकेट काढली' असं बोलत गेलो आणि मध्येच अडखळलो. या माणसाला आयुष्यभर एकेरीच ऐकावं लागलं असणार, आणि ते सगळं काही प्रेमाचं नव्हतं. त्या काळचे धावफलक बघा. एम. डी. पै, डी. बी. देवधर, सगळे आडनावानं. आणि हे भाऊ? पी. बाळू, पी. शिवराम, पी. विठ्ठल. आडनाव आकसून एक अक्षर झालंय. म्हणून पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड केलं. आज आपण अहो-जाहो करणार आहोत.

बाळूंचा जन्म १८७० च्या दशकातला, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातलं, जात चांभार, म्हणजे त्या काळच्या हिशोबात अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला. पुण्यात वाढताना गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर हे भाऊ खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशांच्या एका क्रिकेट क्लबात: खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. पुढे साहेबांच्या क्लबात तेच काम, महिना ४ रुपये. तिथे नेटमध्ये साहेबांना बॉलिंग टाकायला सांगू लागले. डावखुरी, संथ फिरकी. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा तिथला मोठा बॅट्समन. तो तासभर आधी यायचा, एकट्या बाळूंची बॉलिंग खेळायला. आउट केलं की आठ आणे द्यायचा, असं सांगतात. महिना ४ रुपयांत आठ आण्याची किंमत काय, ते तुम्हीच काढा.

बाळूंनी पुढे आपल्या मुलाला सांगितलं होतं की तिथे तासन्‌तास बॉलिंग टाकली, पण बॅटिंग एकदाही मिळाली नाही. हे वाचलं आणि पोटात काहीतरी हललं. कारण गल्लीत खेळलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. दिवसभर फिल्डिंग करायची आणि तुमची बॅटिंग आली की बॅटचा मालक घरी! आपण दोन दिवस रुसायचो. इथे वर्षंच्या वर्षं गेली.

ग्रेगला चकवणारा बॉलर गावात आहे, ही बातमी पुण्याच्या हिंदू क्लबापर्यंत गेली. त्यांना साहेबांना हरवायचं होतं. मग वाद सुरू झाला, घ्यायचा की नाही? क्लबातले तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, ब्राह्मण सभासद नको म्हणत होते. शेवटी घेतलं. जिंकायचं होतं ना!

आता मैदान डोळ्यांसमोर आणा. बाळू बॉल टाकतात. फिल्डर तोच बॉल उचलतो, कीपरकडे देतो, कीपर परत बाळूंकडे. बॉल चामड्याचा. चामडं कमावणाऱ्यांना, शिवणाऱ्यांना गावाबाहेर ठेवणारी माणसं तो चामड्याचा गोळा दिवसभर हातात खेळवतायत, मांडीवर घासतायत. आणि चहाची वेळ झाली की सगळे आत, चिनी मातीच्या कपांत चहा. बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. प्यायचं आणि टाकून द्यायचं. जेवायला वेगळं ताट, वेगळं टेबल. तोंड धुवायचं तर कोपऱ्यात, पाणी घालायला अस्पृश्य नोकर.

मला यात छळतं ते असं की त्याच संध्याकाळी त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या असणार. मनापासून. साहेबाची दांडी उडाल्यावर जो माणूस ओरडला, त्याचा आनंद काही खोटा नव्हता. त्यानं घरी जाऊन बायकापोरांना तो बॉल कसा वळला ते हातानं करून दाखवलं असेल. आणि त्याच माणसाला त्या मातीच्या भांड्यात काही वावगं दिसलं नाही. प्रेम होतं, ते त्या बॉलवर.

साताऱ्यात पुण्याच्या या टीमनं तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याला हरवलं. विकेट बाळूंनी काढल्या होत्या, आणि साताऱ्यात त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली. पुण्यात परतल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर सभेत हार घातला. पुढे टिळकांनीही कौतुक केलं. हत्तीवर बसलेला माणूस, आणि खाली उतरल्यावर पुन्हा तेच भांडं.

सातारा म्हटल्यावर मला माझं सांगावंच लागेल. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावचा. गावाचं नाव घेत नाही, टीमचं तर नाहीच. आमच्याकडे उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या टुर्नामेंट असायच्या. मंडप, स्पीकर, चषक आणि रोख बक्षीस. मी आठवीत होतो. खेळायला कोणी घेत नव्हतं, अक्षर बरं म्हणून स्कोअर लिहायचो. आमचा मेन बॉलर वस्तीवरचा होता. वस्ती म्हणजे कुठली ते तुम्हाला कळलंच असेल. टेनिस बॉलनं यॉर्कर टाकायचा, तेही सलग सहा. त्याची ओव्हर आली की माझ्या छातीत धडधड व्हायची. शाळेच्या वहीच्या मागे मी त्याचे आकडे लिहून ठेवायचो. माझा पहिला हिरो टीव्हीवरचा नव्हता, तो होता.

एका वर्षी आम्ही फायनल जिंकलो. रात्री कॅप्टनच्या मळ्यात जेवण. मटण, भाकरी, रस्सा. सगळ्यांना स्टीलची ताटं, स्टीलचे पेले. त्याला पत्रावळ आणि प्लॅस्टिकचा ग्लास. तो पंगतीच्या टोकाला बसला होता, थोडं अंतर राखून, कोणी न सांगता. कोणीतरी ताटं घासायला मदत करा म्हणालं तेव्हा तो हसला, "मला बरंय बाबा, घासायची कटकट नाही." सगळे हसले. मी पण.

आणखी एक. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा होता. टीममधल्या बाकी सगळ्यांना मी दादा म्हणायचो. त्याला नावानं.

गुहांच्या पुस्तकातलं ते चहाचं पान वाचेपर्यंत मला हा ग्लास आठवलासुद्धा नव्हता. मॅच आठवत होती, शेवटची ओव्हर आठवत होती, पिवळ्या टी-शर्टवरचं स्पॉन्सरचं नाव आठवत होतं. ग्लास नव्हता आठवत. मरीन लाइन्स येईपर्यंत मी तेच पान धरून उभा होतो.

बरं, पुढे. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला आले. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली. म्हणजे आजची पश्चिम रेल्वे, मी पुस्तक वाचत होतो तीच लाइन! परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यानं त्यांना घेतलं. कुरबुर इथेही झाली, पण मुंबईनं एक पाऊल पुढे टाकलं. इथे बाळू आणि त्यांचे भाऊ बाकीच्यांसोबत जेवू लागले. १९०६ ला हिंदू टीमची मॅच युरोपियनांशी झाली. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. म्हणजे १०९ रननी विजय. फाळणी, स्वदेशी, सगळं तापलेलं होतं त्या दिवसांतली ही मॅच. साहेबाला त्याच्याच खेळात हरवल्यावर काय वाटलं असेल, ते 'लगान' बघून अंदाज लावा. फक्त 'लगान'मध्ये कचराला घ्यावं म्हणून भुवन भाषण करतो आणि सगळे विरघळतात. खऱ्या गोष्टीत कोणी विरघळलं नाही. टीममध्ये घेतलं, कॅप्टन केलं नाही.

१९११ ला पहिली अखिल भारतीय टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन पतियाळाचे महाराज, जे स्वतः फार थोड्या मॅच खेळले. टीमनं बराच मार खाल्ला. बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ विकेट काढल्या. तेव्हा त्यांचं वय पस्तिशीच्या आसपास. भारत पहिली टेस्ट खेळला १९३२ ला, त्यामुळे त्यांच्या नावापुढे एकही टेस्ट नाही. फर्स्ट क्लासचे आकडे आहेत: ३३ सामने, १७९ विकेट, सरासरी १५.२१. सरासरी परत ऐका. पंधरा.

एवढं करूनही हिंदू टीमची कॅप्टन्सी दर वर्षी दुसऱ्याला. १९१३ ला एम. डी. पै कॅप्टन झाले, तेव्हा सत्कारात त्यांनी स्वतःच सांगितलं की हा मान बाळूंना मिळायला हवा होता. मला हे पै आवडतात. पण बोलले, आणि कॅप्टन राहिले. १९२० ला बाळूंना वगळलं आणि कॅप्टन्सीसाठी विठ्ठलनाही डावललं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल दोघांनी टीममधून माघार घेतली आणि तसं जाहीरही केलं. फायनलला ते परत आले, बाळू व्हाइस कॅप्टन झाले. कॅप्टन मात्र कधीच नाही. १९२३ ला विठ्ठल झाले, आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली. विठ्ठलनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिलंय. त्यांच्यावर वेगळा भाग करतोय, म्हणून इथे आवरतं घेतो.

बाळूंबद्दल मात्र एक अवघड गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मीही त्यांना नुसता हत्तीवर बसवून मोकळा होईन. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूंना उभं केलं, आणि समोर होते डॉ. आंबेडकर. ज्या आंबेडकरांना तरुणपणी या बॉलरचा अभिमान होता, त्यांच्याच विरोधात. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले. कोणी म्हणतं काँग्रेसनं त्यांना वापरलं, कोणी म्हणतं त्यांची गांधींवर खरी श्रद्धा होती. मला वाटतं दोन्ही खरं असू शकतं. पुण्याच्या क्लबापासून त्यांची हीच सवय होती, आत शिरायचं आणि आतून बदलेल म्हणून वाट बघायची. बाबासाहेबांनी ती वाट बघायचं सोडून दिलं होतं. त्या वेळी मी असतो तर कोणाला मत दिलं असतं? बाबासाहेबांना, हे आज म्हणणं सोपं आहे. पण मतपेटीपाशी उभा राहून मला त्या १०९ रनच आठवल्या असत्या, अशी भीती वाटते.

१९५५ ला बाळू गेले.

हा भाग लिहून झाल्यावर मी आमच्या त्या बॉलरचा नंबर शोधला. गावातल्या एका ग्रुपवर मिळाला. आता त्याचं चाकणला गॅरेज आहे. फोन लावला, पण त्याला काय म्हणायचं ते सुचेना. नावानं हाक मारवेना, आणि इतक्या वर्षांनी एकदम दादा म्हणणं नाटकी वाटलं. हॅलोवर भागवलं. त्यानं आवाज ओळखला नाही, स्कोअरर म्हटल्यावर ओळखलं. मग बुमराहच्या पाठीवर दहा मिनिटं गेली. यॉर्करवर त्याचं मत असं की हल्लीची पोरं फार लवकर स्लोअर बॉलवर येतात.

शेवटी मी विचारलं. "त्या फायनलच्या रात्रीचं जेवण आठवतं का? मळ्यातलं?"

"आठवतंय की."

"तो ग्लास..."

मागे कुठेतरी इंजिन सुरू झालं, बंद झालं.

"तुला आत्ता आठवला व्हय?"

मी हो म्हणालो. तो म्हणाला, गिऱ्हाईक आलंय, रात्री करतो. रात्री फोन आला नाही. चार दिवसांनी आला, मॅच चालू असताना, सोळाव्या ओव्हरला. "बघतोयस का?" म्हणाला. बघत होतो. दोघंही फोन न ठेवता वीस ओव्हर संपेपर्यंत बघत राहिलो. त्याच्याकडे मॅच माझ्यापेक्षा दोन सेकंद पुढे होती, त्यामुळे विकेट पडली की मला आधी त्याच्या ओरडण्यावरून कळायचं.

पुढच्या भागात विठ्ठल पालवणकर आणि १९२३. भेटू.